दिव्यानंतरचा अंधार

१

पोशीर गावाबाहेर, भाताच्या खाचरांना लागून, गुलाबाची दोन पॉलिहाऊस शेजारी शेजारी उभी होती. दोहोंत रोपे एकाच जातीची, एकाच आठवड्यात लावलेली. पाणी एकाच टाकीचे, खत एकाच नळीचे. पानांमागची किडीची अंडी मारायला लावलेले अतिनील दिवे दोन्हीकडे एकाच बनावटीचे आणि ठरलेला वेळ तोच. किडीवर सोडलेले भक्षक कोळीसुद्धा एकाच खोक्यातून आलेले. फाल्गुन लागला तेव्हा पहिल्या पॉलिहाऊसमध्ये लाल कोळी, म्हणजे ती कीड, भिंग घेऊन शोधावा लागत होता. दुसऱ्यात कळ्यांवर त्याची जाळी चढली होती.

कर्जतला प्रमोदिनीताईंच्या ओटीवर हे सगळे सांगून झाल्यावर पॉलिहाऊसच्या मालकाने, नीलेशने, पिशवीतून एक फांदी बाहेर काढली.

"आधी ती परत आत घाल आणि गाठ मार," ताई म्हणाल्या. "माझ्या जास्वंदीला पाहुणे नकोत."

नीलेशने निमूटपणे गाठ मारली. कॉलेजात त्याने ताईंकडून प्राणिशास्त्राचे धडे घेतले होते आणि इतर मुलांबरोबर त्यांना पाठीमागे 'आठपायी मॅडम' म्हटलेही होते. ताईंना ते नाव ठाऊक होते. त्यांचे आयुष्य ज्या जिवांच्या अभ्यासात गेले त्या कोळी किडींना आठच पाय असतात, त्यामुळे नावात चूक काढण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत होते.

"मॅडम, तिघांपैकी एकाचं काम आहे," नीलेश म्हणाला. "एक ती लोधिवलीची हर्षला. भक्षक कोळ्यांच्या पुड्या तीच पुरवते. दुसऱ्या पॉलिहाऊसला मेलेला माल दिला असेल. दुसरा विपुल. नेरळला औषधांचं दुकान आहे त्याचं. मी फवारणी बंद केली तेव्हापासून तोंड वाकडं करून फिरतोय, आणि त्याची काकडी माझ्या बांधाला लागून आहे. तिसरा आमचा राखणदार, धाऊकाका. पावसाळ्यात दिव्यांचा टायमर जळाला, तेव्हापासून दिवे तेच हाताने लावतात. म्हणजे, लावतात असं म्हणतात."

"तुला कोण वाटतं?"

"काकाच. रात्री उठून दिवे लावायला कोणाला बरं वाटतं? मी त्यांना रविवारी खोली रिकामी करायला सांगितलीय."

"खोलीत आणखी कोण राहतं?"

"सोनुबाई, त्यांची बायको. आणि मुलगी आलीय, ऋतिका. बाळंतपणाला."

"बाळ झालं?"

"झालं की. मुलगा. सव्वा महिना होत आला."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे रविवारी तू बाळंतिणीला रस्त्यावर काढणार, तेही किड्यांच्या साक्षीवरून. साक्ष खोटी नसते, नीलेश. पण ती कशाबद्दल आहे हे आधी ठरवावं लागतं. उद्या सकाळी येते. त्या तिघांना थांबवून ठेव."

२

दुसऱ्या दिवशी ताई पोहोचल्या तेव्हा हर्षला आणि विपुल पॅकिंगच्या पडवीत एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"माझ्या पुड्या मेलेल्या होत्या म्हणे!" हर्षला ताईंना पाहताच म्हणाली. ती कृषी पदवीधर होती आणि आवाज खाली ठेवणे तिला साधत नव्हते. "मॅडम, सगळ्या पुड्या एकाच खोक्यातल्या. पहिल्यातले जगले आणि दुसऱ्यातले मेले, हे कसं? मला विचाराल तर यांचे दिवेच माझ्या कोळ्यांना मारतात. अतिनील उजेड लाल कोळ्यापेक्षा भक्षकाला जास्त बाधतो. तसे प्रयोग झालेत."

"झालेत," ताई म्हणाल्या. "मग दिवे आहेत हे माहीत असून पुड्या का विकल्यास?"

"मी त्यांना परागांवर वाढवते. परागांवर वाढलेले हा उजेड जास्त सोसतात. आणि दिवा लागला की ते शिरांच्या बेचक्यात पळतात."

"ऐका!" विपुल म्हणाला. "किड्यांना खायला पराग, राहायला पुड्या, आणि वर माणसानं त्यांची काळजी करायची. मॅडम, माझ्याकडे एक डबा आहे. एकदा मारला की लाल, हिरवा, भक्षक, सगळे साफ. भानगडच नाही."

"तू मारलास का इथे?"

"मी कशाला मारू?"

"तुझ्या काकडीवर मारलास का?"

विपुलने बांधाकडे पाहिले. "मारला. पण वारा तिकडून होता, इकडून नाही. माझ्या काकडीची शपथ."

"काकडीला शपथ पोहोचत नाही," असे म्हणून ताई दुसऱ्या पॉलिहाऊसमध्ये शिरल्या.

आत पाने पिवळट ठिपक्यांनी भरली होती. ताईंनी खालच्या फांदीचे एक पान उलटे धरले आणि भिंग डोळ्याला लावले. शिरांच्या बाजूने गोल, पारदर्शक अंडी पसरली होती. त्यांच्यामध्ये लाल कोळी मंदपणे हलत होते. मग त्यांनी भिंग हर्षलाच्या हातात दिले.

"शिरेच्या बेचक्यात बघ."

हर्षलाने पाहिले. इतरांहून चपळ, थेंबाच्या आकाराचा एक जीव बेचक्यातून धावत आला आणि एका अंड्याशी थांबला. त्याचे पोट नारिंगी होते. तसाच दुसरा होता, आणि तिसराही.

"माझे आहेत!" ती म्हणाली. "जिवंत आहेत! आणि पोटभर जेवलेत!"

"म्हणजे पुड्या जिवंत होत्या," ताई म्हणाल्या. "आणि बांधावरून विष उडून आलं असतं, तर ते आधी यांच्यावर पडलं असतं. विपुलच्या डब्यात एवढा विवेक नसतो की भक्षकाला तेवढा सोडून द्यावा. एका निरीक्षणात दोघे सुटले."

विपुलने हात जोडले. "काकडीची शपथ पोहोचली म्हणायची."

नीलेश मात्र मागे वळून पॉलिहाऊसच्या टोकाला असलेल्या खोलीकडे पाहत होता. "भक्षक आहेत, खातायत, तरी लाल वाढतोय. याचा अर्थ अंडी मारायला दिवे लागलेच नाहीत. मग काकाच, मॅडम. मी काय म्हणत होतो?"

दारात धाऊ उभा होता. त्याने हे ऐकले होते.

३

"रोज लावतो," धाऊ म्हणाला. "फुलांची दोन्ही घरं. एक दिवस चुकलो नाय. ठरला तेवढा टाइम घड्याळात बघतो नि मग बंद करतो."

"खोटं," नीलेश म्हणाला.

"खोटं कशाला बोलू, शेठ? तुमच्या बापासंगं मी भात लावलाय."

ताईंनी नीलेशला हाताने गप्प केले. "मीटर काय सांगतो?"

"काही नाही. मोटर, शीतखोली, दिवे, सगळं एकाच मीटरवर आहे. दिव्यांचं वेगळं कळत नाही."

ताईंनी धाऊकडे नीट पाहिले. तो घाबरलेला होता, पण खोटे बोलणाऱ्याची घाई त्याच्यात नव्हती. मात्र चेहऱ्यावरून निदान करण्याची सवय त्यांनी पस्तिशीतच सोडली होती, म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला आणि त्या खोलीकडे चालत गेल्या.

खोलीची खिडकी दुसऱ्या पॉलिहाऊसच्या बाजूला उघडत होती, हात लांब केला तर जाळीला लागेल इतक्या अंतरावर. उन्हाळ्यामुळे त्या बाजूचा प्लास्टिकचा पडदा वर गुंडाळलेला होता आणि मध्ये नुसती जाळी होती. खिडकीला काच नव्हती. गजांवर आतून दुपदरी गोधडी बांधली होती. बाहेर ऊन तापत असताना खोलीत अंधार आणि कपड्यांना लागलेल्या ओव्याच्या धुरीचा वास कोंडला होता. ऋतिका भिंतीला टेकून बाळाला घेऊन बसली होती.

"गोधडी कशाला? उकडत नाही?" ताईंनी विचारले.

ऋतिकाने आईकडे पाहिले. सोनुबाई पुढे झाली. "वारा लागंल ना बाळाला, बाय. कवळा जीव."

"वारा त्या दारातूनही येतो. ते तर उघडं आहे."

"दाराचा वारा येगळा," सोनुबाई ठामपणे म्हणाली. यावर वाद घालण्याचे कोणतेही शास्त्र ताईंना अवगत नव्हते.

"आंघोळ इथेच घालता?"

"इथं कुठं! न्हाणी तिकडं, आंब्याखाली, पहिल्या फुलांच्या घराच्या पल्याड. पहाटं दोघांना तिकडंच नेतो. तेल, शेक, धुरी, समदं तिकडंच. उजाडलं की मग येतो घरी."

ताईंनी बाळाच्या तळव्याला बोट लावले आणि त्या बाहेर आल्या. पडवीत त्यांनी हर्षलाला विचारले, "महिन्यापूर्वी पुड्या टांगल्यास त्यातली एखादी उरली आहे का?"

हर्षलाच्या पिशवीत एक होती. कागदी पुडीवर लाल शाईने तिच्या छोट्या उद्योगाचे नाव छापले होते. ताईंनी पहिल्या पॉलिहाऊसमधून एक पुडी तोडून आणली, दुसऱ्यातून एक आणि दिवे नसलेल्या या पडवीत आढ्याला अडकवलेली एक. छप्पर तिन्ही ठिकाणी त्याच अतिनील अडवणाऱ्या प्लास्टिकचे होते. त्यांनी चारही पुड्या टेबलावर ओळीने ठेवल्या.

पिशवीतली पुडी लालभडक होती आणि पडवीतली जवळजवळ तशीच. पहिल्या पॉलिहाऊसमधल्या पुडीची दिव्याकडची बाजू विटून फिकी गुलाबी झाली होती. दुसऱ्यातलीही तितकीच विटली होती. नीलेशने दोन्ही उलटसुलट केल्या आणि त्यांतली कोणती कुठली हे तोच विसरला.

"शाई उन्हाने विटली म्हणावी, तर पडवीतली का नाही विटली?" ताई म्हणाल्या. "हे दिव्याचं काम आहे. आणि दोन्हींत ते सारखंच आहे. धाऊ खरं बोलतोय. दिवे लागले, रोज लागले, आणि पुरते लागले."

धाऊने डोळे मिटले. नीलेशचा चेहरा उतरला.

"मग अंडी का मेली नाहीत?" त्याने विचारले.

ताईंनी चारही पुड्या पुन्हा ओळीने मांडल्या.

४

पुड्या विटल्या, म्हणजे किरणांची मात्रा पोहोचली. भक्षक जिवंत, म्हणजे विष नाही आणि भेसळही नाही. तरीही अंडी फुटत होती. जे जे मोजता येण्यासारखे होते, ते दोन्हीकडे सारखे निघाले होते. अशा वेळी जे मोजायचे राहून गेले आहे ते शोधावे, एवढीच शिस्त ताईंना ठाऊक होती.

"नीलेश, दिवे मध्यरात्रीच का लावायचे, हे तू धाऊला काय सांगितलंस?"

"तेच की. हा उजेड डोळ्यांना आणि कातडीला वाईट. दिवसा बायका फुलं तोडायला असतात. रात्री माणूस नसतो, म्हणून रात्री."

"आणि तुला दिवेवाल्याने काय सांगितलं होतं?"

"रात्री लावा म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. कारण उघडच होतं ना."

"उघड दिसणारं कारण फार महाग पडतं," ताई म्हणाल्या. "तुझ्या सामानाच्या कोठीला खिडकी आहे का?"

"नाही."

"एक दिवा तिथे टांग. तीन पानं दे मला, अंडी असलेली, याच पॉलिहाऊसमधली. ओला कापूस लागेल, आणि सोनुबाईकडून झाकणाचे दोन स्टीलचे डबे माग. आणि तुझा रविवार पुढे ढकल."

"किती पुढे?"

"अंडी उत्तर देतील तोवर."

नीलेशने धाऊकडे पाहिले नाही, पण मान हलवली.

मांडणी साधी होती. ओल्या कापसावर ठेवलेली दोन पाने कोठीत त्याच दिव्याखाली, एकाच अंतरावर, सारखाच वेळ ठेवायची. त्यानंतर एक पान लगेच डब्यात घालून झाकण लावायचे आणि दुसरे पडवीच्या उजेडात आणून ठेवायचे. तिसरे पान दिव्याखाली न्यायचेच नाही. ते नुसते दुसऱ्या डब्यात, अंधारात.

"हे तिसरं कशाला?" विपुलने विचारले. हा कज्जा त्याला आता स्वतःचा वाटू लागला होता आणि तो दुकान सोडून पुन्हा आला होता.

"उद्या तू म्हणशील की डब्यात घुसमटून मेली. तेव्हा तुला दाखवायला."

"मी असं म्हणणारच होतो," विपुलने कबूल केले.

हर्षलाने पुढचे काही दिवस तो क्रम पाळला. सोनुबाई मात्र रोज येऊन डबे परत मागत होती, कारण त्यांत डिंकाचे लाडू ठेवायचे होते.

५

डबे उघडले त्या सकाळी सगळे पडवीत जमले होते. ऋतिकाही बाळाला घेऊन दाराशी उभी होती.

ताईंनी आधी तिसरे पान पाहिले, ज्याला दिवा दाखवलाच नव्हता. अंड्यांची रिकामी टरफले आणि इवली, अजून सहाच पायांची पिल्ले. "अंधाराने काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. मग दिव्याखालून थेट डब्यात गेलेले पान घेतले. अंडी सुरकुतली होती, काही तपकिरी पडली होती. पिल्लू एखाददुसरेच. शेवटी त्यांनी दिव्याखालून उजेडात आणलेले पान उचलले, पण स्वतः पाहिले नाही. भिंग नीलेशला दिले.

"फुटलीत," नीलेश म्हणाला. त्याने पुन्हा पाहिले. "मॅडम, ही तर जवळजवळ सगळी फुटलीत! याच्यावरसुद्धा दिवा तेवढाच होता ना?"

"तेवढाच. हर्षला, याचं कारण तुला आठवतंय का?"

हर्षलाच्या डोळ्यांत आधी आठवण आणि मागोमाग चीड उमटली. "दुरुस्ती! उजेडातली दुरुस्ती! शी, मला हे परीक्षेला होतं."

"अतिनील किरण अंड्याच्या आतली वीण उसवतात," ताईंनी बाकीच्यांसाठी सांगितले. "पण त्या जिवाकडे वीण सांधणारं एक द्रव्य असतं आणि ते साध्या उजेडावर चालतं. किरणांनंतर लगेच उजेड मिळाला, तर जखम भरून येते. काही तास अंधार राहिला, तर वेळ निघून जाते आणि अंडं मरतं. म्हणून मध्यरात्र. माणसं नसतात म्हणून नव्हे. पुढे बराच वेळ अंधार असतो म्हणून." मग त्या वळल्या. "धाऊ, इतके दिवस सगळ्यांनी तुम्हाला विचारलं की दिवे लावता का. मी वेगळं विचारते. दुसऱ्या पॉलिहाऊसमधले केव्हा लावता?"

धाऊने सोनुबाईकडे पाहिले.

"अवो, बोला की आता," सोनुबाई म्हणाली. "का मी बोलू?"

"पहाटं," धाऊ म्हणाला. "पहिल्याचे मधरातीलाच लावतो. दुसऱ्याचे पहाटं. बंद करतो तवा फटफटीत उजाडलेलं असतं."

"कधीपासून?"

"पोर जन्मल्यापासनं." तो नीलेशकडे वळला. "शेठ, तुमीच बोर्ड लावलाय ना दारावर? कवटीचं चित्र हाय त्यावर. डोळ्याला धोका, कातडीला धोका. आमची खिडकी त्या जाळीला टेकून. रातभर बाळ तिथं झोपलेला. गोधडी बांदली, पण गोधडीचा काय भरोसा? दिवे नाय लावले तर तुमचं नुकसान, लावले तर पोराचं. मग बघितलं, पहाटं ही दोघांना घेऊन न्हाणीवर जाते. उजाडेपर्यंत खोली रिकामी. तवाच लावले. बायका फुलाला यायच्या आत बंद. माणूस नसताना लावायचे, असंच सांगितलं होतं तुमी. तसंच केलं."

"मला सांगायचं ना, काका!"

"सांगितलं असतं, तर तुमी म्हनला असता लेकीला सासरी धाड."

नीलेशने दाराशी उभ्या ऋतिकाकडे पाहिले. आपण नेमके तेच म्हटले असते हे त्याला उमगल्याचे सगळ्यांना दिसले.

"धाऊंची भीती खुळी नव्हती," ताई म्हणाल्या. "पडदा वर, खिडकीला काच नाही. उजेड थोडाफार आत जात असणारच. किती, ते मापल्याशिवाय मी सांगणार नाही. पण साधी काच हे किरण बहुतेक सगळे अडवते. खिडकीला तावदान बसव, रात्री त्या बाजूचा पडदा खाली सोड आणि दिवे मध्यरात्री लाव. टायमर दुरुस्त केलास, तर या माणसाची झोपही होईल."

नीलेश खोलीकडे गेला. त्याने खिडकीवरची गोधडी सोडली, घडी घालून ऋतिकाच्या हातात दिली आणि चौकटीला वीत लावून रुंदी मोजू लागला.

"वितीनं काच बसत नाय, शेठ," मागून धाऊ म्हणाला. "थांबा, टेप आणतो."

"आणा," नीलेश म्हणाला. "आणि काका, रविवारचं विसरा."

सोनुबाईने तेवढ्यात दोन्ही डबे उचलले, नाक मुरडून आत पाहिले आणि राखेने घासायला घेतले.

तावदान बसले, दिवे पुन्हा मध्यरात्री लागू लागले आणि चैत्र संपेपर्यंत दुसऱ्या पॉलिहाऊसमध्येही लाल कोळी भिंगानेच शोधावा लागू लागला. उरलासुरला हर्षलाच्या भक्षकांना पुरला. दोष पुड्यांचा नव्हता, बांधावरच्या औषधाचा नव्हता आणि राखणदाराच्या झोपेचाही नव्हता. दिवे दोन्हीकडे सारखेच जळले होते. पहिल्या पॉलिहाऊसमध्ये ते विझल्यावर अंधार होता, म्हणून अंडी मेली. दुसऱ्यात ते विझल्यावर सूर्य उगवत होता, म्हणून अंडी सावरली.